ठोसा दिसला पाहिजे

‘मारामारीच्या सिनेमाला कसली आलीय प्रत? हाणामारी दिसली, हिरो जिंकला, झालं की!’ हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकू येतं, की आता ते कुणा एकाचं मत राहिलेलं नाही, सगळ्यांनी मिळून मान्य केलेली गोष्ट झाली आहे. सत्यजित राय यांचा चित्रपट स्वच्छ होऊन नव्या डिस्कवर आला तर त्यावर लेख येतात, चर्चा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण ब्रूस ली, जॅकी चॅन किंवा शॉ ब्रदर्सच्या कुंग-फूपटाची घरी पाहायची प्रत नीट असावी असं कुणी म्हणालं, की चांगली जाणती माणसंही विषय बदलतात. माझं म्हणणं अगदी उलट आहे. डिस्कच्या प्रतीवर ज्या सिनेमाचं सगळ्यांत जास्त अवलंबून असतं, तो सिनेमा मारामारीचाच. संवादाचा सिनेमा वाईट प्रतीतूनही अर्धाअधिक पोचतो. मारामारीचा पोचत नाही.

हा वाद नारायणगावात बसून घालायला कारण आहे. तमाशाची पंढरी म्हणून या गावाचं नाव महाराष्ट्रभर झालं. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवून जातात. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ आणि दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा. अंगाने केलेली कला जवळून, बारकाईने पाहायची सवय इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. आखाड्याच्या कडेला बसलेला जुना पैलवान पंचांनी हात वर करायच्या आधी डाव कोणता लागला ते सांगतो. ढाक लावताना समोरच्याने अंग कुठे चोरलं, पट काढताना डोकं कोणत्या बाजूला गेलं, हे त्याला दिसतं, कारण दोन्ही शरीरं त्याच्यासमोर पूर्ण असतात. याच माणसाला आपण वर्षानुवर्षं सांगत आलो की मारधाडीच्या सिनेमाला सीडी पुरे. त्याच्या नजरेचा हा अपमान आहे, आणि माझा मूळ राग तिथला आहे.

सीडी पुरत होती का, याचा आधी हिशेबच मांडू. व्हिडिओ सीडीचं तंत्र १९९३ मध्ये ठरलं. आपल्याकडच्या टीव्हीसाठी चित्र आडवं ३५२ बिंदूंचं आणि उभं २८८ बिंदूंचं, आणि चित्रासाठी सेकंदाला साधारण ११५० किलोबिट एवढीच माहिती. एका सीडीवर ७४ मिनिटं, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन तुकड्यांत. आता हाँगकाँगचा सत्तरच्या दशकातला रुंद पडद्याचा सिनेमा घ्या. त्याचं चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ते पूर्ण बसवायचं तर वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि २८८ पैकी चित्राच्या वाट्याला जेमतेम १६३ रेघा उरतात. उभा माणूस पडद्याच्या दोन-तृतीयांश उंचीचा धरला, तर डोक्यापासून पायांपर्यंत त्याचं सगळं अंग ११० रेघांत. त्यातली मूठ किती? पाच-सहा रेघा.

एवढ्यावर भागत नाही. व्हिडिओ सीडी चित्र लहान करते ते त्याचे १६ गुणिले १६ बिंदूंचे चौकोन पाडून. मागच्या चित्रातला कोणता चौकोन सरकून कुठे गेला, एवढंच ती नोंदवत जाते, म्हणजे दर वेळी सगळं चित्र नव्याने लिहावं लागत नाही. भिंत, टेबल, बसलेला माणूस यांचे चौकोन जागचे हलत नाहीत, त्यामुळे तिथे माहिती कमी लागते. मूठ मात्र एका चौकोनाहूनही लहान, आणि ती सेकंदाच्या एका अंशात पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. तिच्या मागची बाही फडकते, समोरच्याचं डोकं फिरतं, मागे उभे असलेले दहाजण पुढे धावतात. सगळेच चौकोन एकदम बदलले. ११५० किलोबिटांत ते लिहून होत नाहीत. मग काय दिसतं? ठोसा निघाला तोवर हात आहे, ठोसा लागला त्या क्षणी नाकाच्या जागी रंगीत विटांचा ढीग आहे, आणि चित्र पुन्हा सावरतं तेव्हा माणूस जमिनीवर पडलेला आहे.

म्हणजे ‘मारामारीला सीडी चालते’ हे विधान तंत्राच्या बाजूने पाहिलं तरी उफराटं आहे. सीडीला चालतात ती दिवाणखान्यातली दृश्यं. दोन माणसं सोफ्यावर बसून बोलत असतील तर ती बऱ्यापैकी दाखवते. तिचा दम जिथे हमखास सुटतो, ती जागा मारामारीची.

काळ्या पट्ट्या लोकांना आवडत नाहीत म्हणून दुसरा उपाय केला जाई: चित्राच्या दोन्ही बाजू कापून मधला भाग टीव्हीभर पसरायचा. असं केलं की रुंद चित्राचे १०० पैकी ४३ भाग जातात. शॉ ब्रदर्सच्या दिग्दर्शकांनी तर पडद्याची रुंदी मुद्दाम वापरलेली. लाउ कार-लियुंग यांचा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) पाहा. ते स्वतः कुंग-फूच्या परंपरेतले जाणकार, लढतींची आखणी करता करता दिग्दर्शक झालेले. दोन लढणाऱ्यांमधलं अंतर हा त्यांच्या दृष्टीने लढतीचाच भाग. अंतर किती ठेवलं, कुणी तोडलं, कोणत्या हत्याराने तोडलं, यातच सगळं नाट्य. तिथे चित्र कापलं की एक लढणारा पडद्याबाहेर जातो आणि उरलेला हवेत काठी फिरवतो. आखाड्यातला एक पैलवान झाकून दुसऱ्याची कुस्ती दाखवावी, तसा हा प्रकार.

‘द वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) मधली रोमच्या कलोझियममधली लढत बहुतेकांनी पाहिलेली असते. चित्रपटाचा दिग्दर्शक स्वतः ब्रूस ली. समोर चक नॉरिस, अंगाने भारी. आधी ब्रूस ली मार खातो, खाली पडतो. मग उठतो आणि त्याची पावलं बदलतात. टाचा उचलतात, अंग सैल होतं, पाय एका जागी ठरत नाहीत. नॉरिस मात्र जुन्याच ठाणात उभा. सगळी लढत त्या जागी फिरते आणि ते सांगायला चित्रपटात एक शब्द उच्चारलेला नाही. ते पावलांनीच सांगितलं आहे. कॅमेरा मागे राहून दोघांना नखशिखांत दाखवतो, तो याचसाठी. पावलं ज्याला दिसली, त्याला एका माणसाने लढता लढता स्वतःची पद्धत बदलल्याचं कळतं. ज्याच्या टीव्हीवर पावलांच्या जागी चार करडे चौकोन होते, त्याला एवढंच वाटतं की हिरो आधी हरत होता आणि हिरोच असल्यामुळे मग जिंकायला लागला. मग तोच माणूस म्हणतो, या सिनेमांत गोष्ट नसते! गोष्ट होती. ती डिस्कने खाल्ली.

डीव्हीडी आली तेव्हा हे सगळं मिटलं, असं मानणारेही भेटतात. चित्र सुधारलं हे खरं: ७२० गुणिले ५७६ बिंदू, म्हणजे सीडीच्या चौपट. पण मारामारीच्या सिनेमाला बिंदूंइतकीच गरज वेळेच्या शुद्धतेची असते आणि तिथे डीव्हीडीनेही पुष्कळ घोळ घातले. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या टीव्हीला २५ लागतात. सोपा मार्ग म्हणून सगळा चित्रपटच थोडा पळवला जातो आणि १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. ‘चार टक्क्यांनी असं काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्याला मी आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात उभं करीन. तिथे बारीचा, म्हणजे एका धावेचा, निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. बारा सेकंदांच्या बारीचे चार टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला म्हणून घाटात केवढा गलका होतो, हे जुन्नर-आंबेगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हाँगकाँगचे लढत-दिग्दर्शकही असेच अंशांवर जगणारे. हालचाल जराशी जलद दिसावी म्हणून ते कॅमेरा कधी सेकंदाला २२, कधी २० चौकटींनी चालवत. किती जलद दाखवायचं हे त्यांनी मोजून ठरवलेलं. त्यावर डिस्कवाल्याने आपली चार टक्क्यांची भर घातली की वजनदार माणूस हलका वाटू लागतो आणि लढतीचा भार निघून जातो. आवाजाची पट्टी चढते ती वेगळीच.

याहून वाईट प्रकार म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीसाठी केलेल्या प्रतीवरून पॅलची प्रत काढणं. दोन्हींच्या चौकटींचा मेळ बसत नाही, म्हणून यंत्र शेजारच्या दोन चौकटी एकमेकींत मिसळून मधली चौकट तयार करतं. लढतीच्या ऐन भरात असली डिस्क थांबवून पाहावी: एका मनगटाला दोन मुठी, एक ठळक आणि एक पुसट. पाय वर उचललेलाही आहे आणि खाली टेकलेलाही. चालू चित्रात हे सुटं दिसत नाही, पण डोळा शिणतो आणि फटक्याची धार बोथट होते. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’ (१९७१) मधली बांबूच्या बनातली लढत तर सेकंदाच्या छोट्याशा भागापुरत्या दिसणाऱ्या तुकड्यांची बांधलेली आहे. माणूस दिसला न दिसला तोच नाहीसा होतो. ही ‘दिसला न दिसला’ची जागा किंग हू यांनी चौकटी मोजून घडवली. तिथे दोन तुकडे एकमेकांत मिसळणारी डिस्क चित्रपटाच्या मुळावरच घाव घालते. याच चित्रपटाला १९७५ मध्ये कान महोत्सवात तंत्राबद्दलचा मोठा पुरस्कार मिळाला होता, आणि त्याची नव्याने सिद्ध केलेली प्रत २०१५ मध्ये पुन्हा कानमध्येच दाखवली गेली. ‘नुसती मारामारी’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता एका हळव्या आक्षेपाकडे वळतो. तो घेणारी माणसं माझ्याच पिढीची, माझ्याच आवडीची आहेत. त्यांचं म्हणणं, त्या खराब प्रतीतच खरी मजा होती. भाड्याचा व्हीसीआर, चौकात मांडलेला रंगीत टीव्ही, गणपतीच्या दिवसांत रात्रभर लागोपाठ तीन सिनेमे, कॅसेट अडकली की हेड पुसायला धावणारा एखादा दादा. यात्रेतल्या तंबूत ओरखड्यांनी भरलेली रिळं. ते दिवस सुंदर होते, यात मलाही शंका नाही. पण त्या रात्रींचं सुख शेजारी बसलेल्या माणसांचं होतं, तिसऱ्या हाताच्या कॅसेटचं नव्हतं. आपण त्या प्रतीवर प्रेम केलं नाही, त्या प्रतीतूनही जे आपल्यापर्यंत पोचलं त्यावर केलं. कोणी मालेगावचं उदाहरण देतात: बघा, व्हिडिओवर सिनेमे पाहून तिथल्या पोरांनी स्वतःचे ‘मालेगाव के शोले’ काढले, कुठे अडलं चांगल्या प्रतीवाचून? पण त्यांच्यावरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट पुन्हा पाहावा. सुपरमॅन उडवता यावा म्हणून ही मंडळी हिरव्या पडद्याचं तंत्र शिकून घेतात. त्यांची सगळी धडपड हाताशी आहे त्यापेक्षा चांगलं दिसावं यासाठीची आहे. त्यांच्या नावाने निकृष्ट प्रतीची भलामण करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज ‘रिमास्टर्ड’ या शिक्क्याचा. डब्यावर तो शिक्का आणि शेजारी ‘४के’ दिसलं की प्रत उत्तमच, अशी समजूत आहे. माझ्या मते आज सगळ्यांत मोठा धोका इथेच आहे, कारण इथे नासाडी सुधारणेच्या नावाने होते. फिल्मवरच्या चित्राला एक दाणा असतो, ज्याला ग्रेन म्हणतात. चित्र त्या दाण्याचंच बनलेलं असतं. काही कंपन्यांना तो कचरा वाटतो आणि त्या यंत्राने तो पुसून काढतात. दाणा गेला की त्याच्याबरोबर कातडीची छिद्रं जातात, कापडाची वीण जाते, घाम जातो. ‘प्रेडेटर’ या चित्रपटाची २०१० सालची ब्लू-रे या बाबतीत जगभर बदनाम झाली. त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगरचा चेहरा मेणाचा दिसतो.

कुंग-फूपटात या पुसापुशीचा फटका आणखी खोल बसतो. हाँगकाँगच्या लढतींत फटका लागणार त्या जागी कपड्यांवर पावडर भुरभुरवायची रीत होती. लाथ छातीवर बसली की तिथून धुळीचा एक लोट उठतो आणि आघात डोळ्यांना दिसतो. हा लोट पडद्यावर असतो क्षणभर, दोन-चार चौकटींपुरता. दाणे पुसणारं यंत्र शेजारच्या चौकटींची तुलना करून ‘इथे आहे, तिथे नाही, म्हणजे घाण’ असा निर्णय घेतं आणि धुळीचा लोट विरळ करून टाकतं. लाथ उरते, तिचा आघात निघून जातो. लढत आखणाऱ्या माणसाने विचार करून ठेवलेली गोष्ट, पन्नास वर्षांनी त्याच्याच चित्रपटाची सेवा म्हणून, पुसली जाते.

रंगांचं आणि आवाजाचंही तेच. काही हाँगकाँगपटांच्या नव्या प्रतींवर पिवळट-हिरवट झाक चढवल्याची तक्रार जाणत्या रसिकांनी वारंवार केली आहे, आणि ती रास्त आहे. आवाज मुळात एका वाहिनीचा. त्यातले सपकन जाणाऱ्या हाताचे आणि धप्पकन बसणाऱ्या ठोशाचे ठोके हे त्या चित्रपटांचं तालवाद्य. ते काढून त्या जागी चारी बाजूंनी घुमणारे नवे आवाज बसवणं म्हणजे जुन्या फडातली ढोलकी काढून मागे यंत्राचा ठेका लावणं. जॅकी चॅनचा १९९४ चा ‘ड्रंकन मास्टर २’ अमेरिकेत २००० मध्ये ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने आला, तेव्हा भाषा इंग्रजी झाली, संगीत बदललं आणि शेवटही छाटला गेला. अनेक वर्षं पुष्कळांच्या घरी पोचली ती ही आवृत्ती. चित्र कितीही लखलखीत असो, असली प्रत मी चांगली म्हणणार नाही.

‘आता डिस्क कोण घेतं? सगळं मोबाइलवर आहे,’ या आक्षेपाला फार जागा द्यायचं कारण नाही. १०८० रेघांच्या चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिटचं नेट पुरे, असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. मघाचा चौकोनांचा हिशेब इथेही लागू आहे: दोघं बोलत बसलेत तोवर फरक जाणवत नाही, वीसजण एकदम तुटून पडले की जाणवतो. शिवाय करार संपला की चित्रपट एका रात्रीत गायब होतो, आणि राहतो तेव्हाही कोणती आवृत्ती समोर आहे हे कुणी सांगत नाही. कपाटातली डिस्क कुणाला काढून नेता येत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परदेशी कंपन्यांचे ब्रूस लीचे किंवा शॉ ब्रदर्सचे संच काही हजारांच्या घरात जातात. शेतमजुराने, फडातल्या ढोलकीवाल्याने ते घ्यावेत असं म्हणणं निर्दयपणाचं होईल. पण यातून ‘गरिबाला खराब प्रतच परवडते’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चूक आहे. २००७ मध्ये मोसर बेअर कंपनीने घरगुती व्हिडिओच्या बाजारात पाऊल टाकलं तेव्हा व्हिडिओ सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना ठेवली होती. चौपट बिंदूंच्या चित्राला सहा रुपये जास्त! डिस्कच्या प्लास्टिकला आणि छपाईला फारसा खर्च नसतोच. खर्च असतो तो मूळ निगेटिव्ह शोधायला, ती जपून स्कॅन करायला, आणि वेग, रंग, आवाज यांवर जाणत्या माणसाला बसवायला. हा खर्च एकदाच करायचा असतो. तो केला तर ३४ रुपयांची डिस्कही सुंदर निघते आणि टाळला तर तीन हजारांची डिस्कही मेणाचे पुतळे दाखवते. ज्यांना एकट्याने घेणं जमत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयं आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. गावच्या ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या शेजारी एक कपाट डिस्कचं, एक बरा प्लेअर आणि एक मोठा टीव्ही का असू नये? कुस्ती शिकणाऱ्या पोरांना तिथे बसवून ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मधला तालमीचा भाग दाखवावा. घाम गाळण्यावर एवढा वेळ देणारे चित्रपट जगात थोडेच आहेत.

मग चांगली प्रत कोणती? माझं उत्तर ठाम आहे. चित्रपट पूर्ण लांबीचा, पडद्याच्या मूळ रुंदीत, सेकंदाला २४ चौकटींच्या मूळ वेगात, दाणा राखलेला, मूळ भाषेचा आणि मूळ आवाजाचा पर्याय असलेला. यातलं एकही कलम सुटलं तर बाकीची त्याची भरपाई करत नाहीत. डबा विकत घेताना ‘४के’ हा शब्द शोधण्याआधी चित्रपटाची लांबी आणि आवाजाच्या वाहिन्या वाचाव्यात. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात मोडतो. ब्रिटनमधली ‘बी’ विभागाची डिस्क आपल्या प्लेअरवर लागेलच असं नाही. ४के डिस्कना हे विभागाचं कुलूप नसतं. पैसे घालवण्याआधी हे पाहून घ्यावं.

हे सगळं परदेशी सिनेमासाठी कशाला, असं विचारणाऱ्यालाही उत्तर द्यायला हवं, कारण खरी निकड इथलीच आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. शिवजयंतीला शिवनेरीच्या परिसरात मर्दानी खेळ होतात, पट्ट्याचं पातं हवेत वर्तुळं काढतं आणि शेकडो मोबाइल ते टिपतात. पट्ट्याचं टोक मुठीहूनही वेगवान. मोबाइलवरून मोबाइलवर दाबत पाठवलेल्या त्या तुकड्यांत पातं दिसतच नाही, नुसता माणूस हात फिरवताना दिसतो. पुढच्या पिढीतल्या कुणाला मनगट कसं वळलं हे त्यावरून शिकता येईल का? येणार नाही. सेकंदाला किमान ५० चौकटींनी, मोकळ्या उजेडात, पूर्ण शरीर दिसेल असं चित्रण आणि ते दाबून न टाकणारी प्रत, एवढं तरी राज्यशस्त्राच्या वाट्याला यायला हवं. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) सारख्या चित्रपटालाही हीच कसोटी लावली पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचा ३६३ कोटींचा कार्यक्रम जाहीर केला, त्याची सूत्रं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे. त्यात कुठले चित्रपट घ्यायचे हे ठरवताना तलवारीचे, कुस्तीचे, मारधाडीचे चित्रपट ‘करमणुकीचे’ म्हणून रांगेत मागे ढकलले जाऊ नयेत. पुण्यातच ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. मागे ढकलण्याची किंमत किती असते हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

आणि तमाशा. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. ऐन सीडीच्या काळात. रात्रभर चालणारा फड गण, गवळण, बतावणी आणि वग मिळून सीडीच्या ७४ मिनिटांत कोंबला गेला, तो याच काळात. वगातली तलवारबाजी, नाचणारीची पावलं, ढोलकीवाल्याची बोटं, सगळं त्याच १६ गुणिले १६ च्या चौकोनांत गेलं. लोकांनीही ‘तमाशाला एवढं पुरे’ म्हणून ते चालवून घेतलं. हे वाक्य आणि ‘मारामारीला एवढं पुरे’ हे वाक्य एकाच पोटचं आहे. अंगाने कष्ट करून उभ्या केलेल्या कलेला प्रतीची गरज नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनीच दोन्ही वाक्यं तयार केली.

म्हणून नारायणगावात, मंचरला, जुन्नरला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांच्या माळ्यावर तमाशाच्या, कुस्तीच्या, मर्दानी खेळांच्या मूळ टेप पडून असतील, त्यांना हात जोडून विनंती आहे. बाजारात विकली गेली ती सीडी म्हणजे मूळ नव्हे. मूळ म्हणजे व्हीएचएसची कॅसेट किंवा कॅमेऱ्यातली छोटी मिनी डीव्ही टेप. ती दमट हवेत बुरशी धरते. येत्या पावसाळ्याआधी ती कोरड्या जागी हलवा. डिजिटल करून घ्याल तेव्हा करणाऱ्याला बजावून सांगा की टेपवर सेकंदाला टिपलेल्या पन्नासही अर्ध्या चौकटींतली हालचाल राहिली पाहिजे, चित्राच्या बाजू कापायच्या नाहीत, आवाजात काही मिसळायचं नाही आणि चित्र घासूनपुसून गुळगुळीत करायचं नाही. काम झालं तरी मूळ टेप फेकू नका.